महूच्या झाडांना नंबर

उन्हाळ्याच्या सुट्टीत संशोधन करायला मिळणं ही विद्यार्थ्यांसाठी सुवर्णसंधी आहे, असं आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लिहिलं होतं. ज्याने ते लिहिलं त्याने मे महिन्यात भर दुपारी शिरपूरच्या वर सातपुड्यात कधी पाय तरी ठेवला होता का, हे मला एकदा त्याला समोर बसवून विचारायचं आहे. पण अर्ज मीच भरला होता, कुणी मागे लागलेलं नसताना. त्यामुळे तक्रार करायची सोय नाही, आणि तरीही मी ती करणार आहे.

बी.एस्सी.चं दुसरं वर्ष नुकतंच संपलं होतं. मी धुळ्याला देवपुरात होस्टेलवर राहायचे. आठ आठवड्यांचं काम, शेवटी प्रमाणपत्र, आणि काम नीट झालं तर पुढच्या प्रवेशासाठी मॅडमचं शिफारसपत्र. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख, प्रकल्प त्यांचाच. सातपुड्याच्या पायथ्याला महूची, म्हणजे मोहाची, जुनी झाडं शेंड्याकडून वाळत खाली येत होती. एक झाड वाळायचं आणि त्याला खेटून उभं असलेलं दुसरं हिरवंगार राहायचं. असं का, ते शोधायचं होतं. वाळक्या फांद्या बुरशीसाठी तपासायच्या, आणि पानांवरून झाडांची नातीगोती काढायची, म्हणजे कुठलं झाड कुठल्या वाणाचं आणि कुणाच्या अंगात रोगाला तोंड द्यायची ताकद आहे ते.

घरी मेहरूणला हे सांगितलं तर नाना, म्हणजे माझे वडील, हसायलाच लागले. आमची केळी भुसावळच्या पुढे, आणि नाना आठवड्यातले चार दिवस तिकडेच. "काय वं, झाडाची डॉक्टर होऊ ऱ्हायली का? मंग पह्यले आपल्या केळीवरचा करपा पाह्य!" मी त्यांना समजावून सांगितलं, की केळीचं आख्खं शेत म्हणजे एकाच झाडाची हजार रोपं, एकाला रोग झाला की सगळी ओळ जाते. महूचं तसं नाही. महूचं प्रत्येक झाड आपापल्या बीपासून आलेलं, म्हणून प्रत्येकाची तब्येत वेगळी. नानांनी ऐकून घेतलं आणि टोपी घेऊन जा म्हणाले.

टोपीचा काय उपयोग! पहिल्या आठवड्यात साठ झाडांना नंबर द्यायचे होते. ॲल्युमिनियमचे बिल्ले, त्यांच्यावर ठोकलेले आकडे, आणि ते तारेने खोडाला बांधायचे. खिळा मारायचा नाही, झाडाला जखम होते, असं मॅडमनी बजावलेलं. महूचं खोड माझ्या कवेत मावत नाही. म्हणजे एका हाताने तारेचं टोक धरायचं, झाडाला प्रदक्षिणा घालायची, तोवर पहिलं टोक सुटतं, की परत पहिल्यापासून. वटपौर्णिमेला तरी बायका सूत घेऊन फिरतात, मी तार घेऊन फिरत होते. हात कापले, तळव्यांना फोड आले. पानं तोडायची आकडी तीन तुकड्यांत यायची आणि वर नेली की तिसरा तुकडा हमखास फांदीत अडकून राहायचा. मोबाइलवर जागा नोंदवायला जावं तर तो मला दर वेळी नाल्याच्या मधोमध उभी दाखवायचा. वर मॅडमचे व्हॉइस मेसेज: "पानं कोवळी घे, पण फार कोवळी नको." अहो, मग किती कोवळी?

वनखात्याच्या गार्डने तर उच्छाद मांडला होता. परवानगीचं पत्र त्याच्याच टेबलावरून सही होऊन आलेलं, तरी तो रोज सकाळी ते नव्याने मागायचा, उलटसुलट करून बघायचा आणि म्हणायचा, "असं होय." मी रोज दाखवायचे. न दाखवून सांगते कुणाला?

या सगळ्यात अक्का भेटली.

ती त्या पाड्यावरची साठीच्या पुढची बाई. नवरा गेलेला, मुलगा ऊसतोडीला बाहेर. सगळे तिला अक्का म्हणायचे म्हणून मीही म्हणू लागले. घरात तिची भाषा वेगळी, पण बाहेरच्यांशी ती खानदेशीत बोलायची. तिच्या झोपडीमागे महूची दोन झाडं होती, इतकी जवळ की वर फांद्या एकमेकींत शिरलेल्या. एक भरदार, हिरवं. दुसऱ्याचे शेंडे वाळलेले. तिकडची पद्धत अशी, की जमीन जंगलखात्याची असली तरी महूचं झाड घराण्याचं असतं. सासऱ्याने वाटणी करताना ही दोन अक्काच्या नवऱ्याला दिली आणि पलीकडचं तिसरं तिच्या दिराला. दुसऱ्याच्या महूखालचं एक फूलसुद्धा कुणी उचलत नाही. अक्काची वर्षभराची मीठमिरची त्या हिरव्या झाडाच्या फुलांवर चालायची. वाळक्याखाली आता टोपलीचा तळ झाकेल एवढीही फुलं पडत नाहीत, असं तिनेच मला सांगितलं.

मी हिरव्याला सेहेचाळीस नंबर बांधला आणि वाळक्याला सत्तेचाळीस. तेवढ्यात ती मागे येऊन उभी राहिली.

"काय बांधी ऱ्हायनी व पोरी, मना झाडले?"

"नंबर."

"कसाले?"

आता हेच मी त्या दिवसात वीस जणांना सांगून झाले होते. घसा कोरडा पडलेला, आकडीचा तुकडा वर लटकलेला. तरी सांगितलं, की रोगाचा अभ्यास आहे, कुठली झाडं चांगली आणि कुठली आजारी ते लिहून घ्यायचं आहे.

"मंग चांगला झाडनं काय करतीन?"

इथे मला जरा चेव आला. शिकलेलं दाखवायची खोड, दुसरं काय! मी म्हणाले, चांगल्या झाडांना खातं मोठा मान देणार. बियाण्यासाठी राखून ठेवणार, खोडाला रंगाचा पट्टा मारणार, आणि पुढे त्यांच्या बियांपासून सगळ्या सातपुड्यात महू लावणार.

"अन त्यानं फुलं कोन येची?"

म्हणजे मग त्याची फुलं कोण वेचणार. मला काय माहीत! मी म्हणाले, "राखीव झालं म्हणजे खात्याचंच असेल बहुतेक."

"अन वाळेल झाडनं?"

"त्याला कोण हात लावतंय अक्का! आजारी झाडाचं बी कुणाला हवंय?"

ती बराच वेळ दोन्ही झाडांकडे बघत राहिली. मला वाटलं, चला, समजलं एकदाचं. मी आकडी काढायच्या मागे लागले.

तीन आठवड्यांनी दुसरी फेरी. पहिल्या फेरीची निम्मी पानं प्रयोगशाळेत खराब झाली होती, कारण ओलावा शोषणाऱ्या पुड्या कुणीतरी फ्रीजवर उघड्याच ठेवल्या होत्या. कुणी ते विचारू नका, मीच. म्हणून पुन्हा साठच्या साठ झाडं. तोवर उन्हाने माझं डोकं इतकं उठलेलं असायचं की झाड बघण्याआधी मी बिल्ला बघायचे, आकडा वाचायचे, पानं तोडून पाकिटात घालायचे आणि वहीतला मागचा शेरा खाली उतरवायचे. सत्तेचाळीसपाशी आले तेव्हा झाड हिरवं दिसलं, हे मला अजून स्वच्छ आठवतं. डोक्यात एक क्षण आलंही, अरे, हे तर बरं दिसतंय. मग वाटलं, फांद्या एकमेकींत गेल्यात, कुणाची कुठली काय कळतं! तो गार्ड सावलीत बसून माझ्याकडे बघत जांभया देत होता. शिरपूरची बस चुकली तर होस्टेलचं जेवण बंद. वहीत मागच्या फेरीत 'आजारी' लिहिलेलं होतं. मी खाली '॥' काढलं, म्हणजे वरीलप्रमाणे, आणि पुढे गेले.

त्या दोन रेघा. आठ आठवड्यांत मी केलेलं सगळ्यात कमी कष्टाचं काम तेच.

पुढे सगळं छान झालं. पोस्टर झालं, मॅडमनी पाठ थोपटली, प्रमाणपत्र मिळालं. नाना पोस्टरसमोर उभे राहून फोटो काढून गेले, रंग चांगले आहेत म्हणाले. आजारी झाडांची यादी मॅडमनी वनखात्याच्या ऑफिसला पाठवली, कारण परवानगी देताना त्यांनी ती मागितली होती. मला हे माहीत होतं. यादी कुणी उघडून बघेल असं मात्र वाटलं नव्हतं.

त्यांनी उघडली. ऑक्टोबरात मॅडमचा फोन आला, की रोग पसरू नये म्हणून यादीतली आजारी झाडं तोडायचा आदेश निघाला आहे, आणि तोडताना झाडं ओळखायला आपल्यातलं कुणीतरी हवं. "तू जा. तुझ्याइतकी ती झाडं कुणाला माहीत आहेत?"

आजारी झाडाला कोण हात लावतंय, असं मीच तर छातीठोक सांगून आले होते! आता अक्काला काय तोंड दाखवू? वाळकं तर वाळकं, पण झाड तिचं होतं. बसमध्ये बसून मी मनाची समजूत घालत होते, की निदान हिरवं तरी तिचं तिला राहील. पोटापुरतं ते एक पुरे.

बस नेहमीप्रमाणे उशिरा. मी पाड्यावर पोहोचले तेव्हा मजुरांनी सकाळीच काम सुरू केलेलं. अक्काच्या झोपडीमागे आडवं झाड पडलेलं होतं. बुंध्यावर तारेत माझा सत्तेचाळीस नंबर. आणि त्या फांद्यांना शेंड्यापर्यंत पानं. दाट, गडद, टवटवीत पानं. कापलेल्या बुंध्याचं लाकूड सगळीकडे एकसारखं, कुठे काळा डाग नाही की पोकळी नाही. मी मान वर केली. शेजारी वाळक्या शेंड्यांचं झाड आपलं उभंच. त्याच्यावर सेहेचाळीस.

मी ओरडले, "थांबवा!" मजुरांनी माझ्याकडे बघितलं. आता काय थांबवायचं होतं?

अक्का झोपडीच्या दाराशी बसली होती. रडत नव्हती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल तर ओरडाच. "बिल्ले कुणी बदलले अक्का? हे कुणी केलं?"

"मीच," ती म्हणाली. "चांगलं झाड सरकार लई जाई, म्हनीसन मी बिल्ला बदली टाकात."

चांगलं झाड सरकार घेऊन जाईल म्हणून तिने बिल्ले बदलले. आजारी झाडाला कुणी हात लावत नाही, म्हणून तिने आपल्या चांगल्या झाडाला आजाऱ्याचा नंबर दिला. तारेचा पीळ सोडून, बुंध्याला फेऱ्या घालून, परत बांधून. माझ्यापेक्षा घट्ट बांधला होता.

"अहो, मला एकदा विचारायचं तरी ना!"

"तुलेच त इचारं व्हतं, पोरी."

तिने विचारलं होतंच. पुन्हा पुन्हा विचारलं होतं, आणि मी प्रत्येक वेळी आकडीकडे बघत उत्तर दिलं होतं.

तेवढ्यात तो गार्ड कागद घेऊन आला. पंचनामा. सदर झाड क्रमांक सत्तेचाळीस रोगट असल्याची खात्री करून तोडण्यात आले, खाली जाणकार म्हणून माझी सही. मी म्हणाले, अहो, झाड चुकीचं तोडलंय, रोगट झाड ते शेजारचं आहे. त्याने बुंध्यावरचा बिल्ला बघितला, कागद बघितला.

"सत्तेचाळीसच आहे ना मॅडम? आकडा तुमचाच ना?"

आकडा माझाच होता. तो काही दुष्ट माणूस नव्हता. तो म्हणाला, लिहायचं असेल तर तसं लिहा, मी वर पाठवतो. मग साहेब येतील, चौकशी होईल, ते दुसरंही तोडतील. म्हणजे बाईचं दोन्ही जाईल. आणि त्याने पेन माझ्यासमोर धरलं.

अक्का उठून जवळ आली होती. कागदावर काय आहे ते तिला वाचता येत नव्हतं, पण बोलणं सगळं समजलं होतं. "अन आते ते बी कापतीन?" तिने मला विचारलं, गार्डला नाही.

रोग म्हणजे काय, बुरशी वाऱ्याने, पावसाच्या थेंबांनी कशी पसरते, एक आजारी झाड उभं ठेवलं तर काय होतं, हे सगळं मला पाठ होतं. पोस्टरवर मीच लिहिलं होतं, लाल अक्षरात. मी तिच्याकडे बघितलं. मला भयंकर राग आला होता, तिचा, गार्डचा, मॅडमचा, उन्हाचा, त्या बोर्डावरच्या सुवर्णसंधीचा, आणि सगळ्यात जास्त माझा.

मी सही केली.

"नाही कापणार," मी तिला सांगितलं. अक्काने दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि कपाळावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. मी बसमध्ये धुळ्यापर्यंत रडत आले. मॅडमना मी काही सांगितलं नाही. शिफारसपत्र मिळालं, पुढचा प्रवेशही मिळाला. आता मी दुसऱ्याच झाडांवर काम करते आणि झाडाकडे बघितल्याशिवाय आकडा लिहीत नाही, म्हणून बरोबरचे लोक मला किचकट म्हणतात. म्हणोत.

तिच्याकडे पुन्हा जायचं धाडस मला झालं नाही. त्या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. मधे तिच्या मुलाने मोबाइल घेतला, त्यावरून ती अधूनमधून बोलते. बरी आहेस का, लग्न कधी करते, एवढंच. झाडाचं मी विचारत नाही, तीही काढत नाही.

या उन्हाळ्यात तिचा फोन आला तो सकाळीच. आवाज घाबरा. तिचं ते झाड आता खोडापर्यंत वाळलं होतं, आणि दिराच्या महूचेही शेंडे वाळायला लागले होते. दिराचं झाड पलीकडेच, वीस पावलांवर. त्याच्या घरात खाणारी सात तोंडं.

"काय करू, सांग ना पोरी."

आता पुन्हा खोटं बोलायची ताकद माझ्यात नव्हती. "अक्का, कापावं लागेल," मी म्हणाले. "आधी तुमचं. त्याच्याचमुळे पसरलंय. ते तेव्हाच आजारी होतं."

मग तिने अगदी हळू, भांडणाचा सूर नसलेल्या आवाजात विचारलं.

"मंग तव्हय सही का बरं करी?"